मदत हवी आहे : नमुन्यातील कुटुंबे निघून गेल्यावर आधी-नंतरची तुलना कशी करावी?

विस्थापित कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या एका कार्यक्रमाचे अंतिम मूल्यमापन माझ्याकडे आहे. वाटपापूर्वीच्या पायाभूत सर्वेक्षणात मागील 7 दिवसांच्या आहारावरून अन्नसेवन गुणांक (कुटुंब काय आणि किती वेळा खाते याचे मोजमाप; जास्त गुण म्हणजे चांगला आहार) काढला होता. परंतु मूळ नमुन्यातील सुमारे एक तृतीयांश कुटुंबे आता छावणी सोडून गेली आहेत. त्यांना फोनवरून गाठून पाहिले, पण ज्यांच्याकडे फोन आहे आणि म्हणून जी बहुधा बऱ्या स्थितीत आहेत, तीच सापडतात. चिंतेची बाब अशी की, गेलेल्यांपैकी अनेकांचा गुणांक 21 किंवा त्याहून कमी, म्हणजे सर्वांत वाईट गटातला होता. त्यामुळे उरलेल्यांची आजची सरासरी मूळच्या संपूर्ण नमुन्याच्या सरासरीशी ताडली, तर आहारात काहीही फरक पडलेला नसतानाही सुधारणा दिसेल.

तुलना गट नाही (केवळ अभ्यासासाठी गरजूंना मदतीविना ठेवणे मान्य नव्हते, आणि ते योग्यच होते), देणगीदार या गुणांकाऐवजी दुसरा निर्देशांक वापरू देत नाही आणि तेल-साखर येथे रोजच्या खाण्यात नसल्याने गुणांकाचे गट पाडण्यासाठीच्या 28 व 42 या वाढीव सीमा लागू होत नाहीत. दोन्ही फेऱ्यांची माहिती कोबोटूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या साधनात असून कुटुंब क्रमांकाने जोडता येते.

अशा वेळी सापडलेल्या कुटुंबांना भारांक देऊन (म्हणजे न सापडलेल्यांसारख्या कुटुंबांना हिशोबात जास्त वजन देऊन) फक्त त्यांचीच तुलना करावी, की सध्याच्या लाभार्थ्यांमधून नवा यादृच्छिक नमुना घ्यावा? भारांक द्यायचे झाल्यास ते पायाभूत गुणांकावरून ठरवणे पुरेसे आहे, की कुटुंबाचा आकार आणि कुटुंबप्रमुख स्त्री आहे की पुरुष, हेही त्यात धरावे?