शब्दचर्चा: ‘ग्लोबल कॉमन्स’ला गायरान म्हणावं का?

गोदाकाठ
नववी-दहावीच्या पोरांसाठी ध्रुवप्रदेशांवर सोळा पानी पुस्तिका करतोय. बर्फ वितळायला लागल्यावर तिथल्या तेल-वायूवर हक्क कुणाचा, हा विषय. ‘ग्लोबल कॉमन्स’पाशी अडलो. कुणा एका देशाच्या मालकीची नाही, सगळ्यांची, अशी जागा. मी सरळ ‘जगाचं गायरान’ लिहिलं. मुद्रितं तपासणारे सहकारी म्हणतात गावंढळ वाटतं, ‘वैश्विक सामाईक संपदा’ करा. परभणीच्या पोराला त्यातून काय कळणार? तुम्ही काय लिहाल?

उदगीरकर
गायरानच. आमच्याकडं ‘गैरान’ म्हणतात. मला तर वाटतं मूळ ‘गैर’ असावं. गैर म्हणजे परकं, आपलं नसलेलं रान. निजामाच्या काळात कागद उर्दूतच असायचे की.

शब्दवेल्हाळ
प्रत्येक शब्द निजामाच्या पदरात घालू नका हो. गाय अधिक रान, एवढंच. भरभर बोलताना ‘गाय’चं ‘गै’ झालं.

निवृत्त_तलाठी
सर, शब्द गोड आहे पण महसुली अर्थानं चूक. गायरान बिनमालकीचं नसतं. जमीन महसूल संहिता १९६६ काढून बघा. मालक सरकार, गावाला फक्त चराई. सातबाऱ्यावर तसं स्वच्छ लिहिलेलं असतं.

अंटार्क्टिकाच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव लावणार? तिथं सात देशांनी हक्क सांगितलाय. त्यात ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे तुकडे तर एकमेकांवर चढलेत. बांध कोरण्यातलाच प्रकार. १९५९च्या करारानं हे भांडण मिटवलेलं नाही. जुना दावा सोडायची सक्ती नाही, नवा मांडायचा नाही, आणि करार चालू आहे तोवर तिथं काहीही केलं तरी त्यानं कुणाचा हक्क वाढत नाही की बुडत नाही. आमच्या भाषेत ‘जैसे थे’.

गोदाकाठ
मी ‘दावे गोठवले’ लिहिलं होतं. बर्फाच्या खंडावर गोठवले म्हटलं की वर्गात हशा पिकणार. ‘जैसे थे’ उचलतो.

शब्दवेल्हाळ
आणि पान सहावर ‘ऊर्जा संसाधने’ लिहिलं असणार, पैजेवर सांगतो. ‘संसाधन’ हिंदीतून आलेला पाहुणा आहे. मराठीत ‘साधनसंपत्ती’ असताना तो कशाला?

तुरीचं_वरण
परळीत वाढलेय. ‘औष्णिक विद्युत केंद्र’ फक्त पाटीवर वाचलं, बोलताना आयुष्यभर ‘थर्मल’. दुष्काळात पाण्यावाचून बंद राहिलं तेही थर्मलच. तेव्हा पाहुण्यांचा हिशेब नको.

पण ‘संपत्ती’ला माझी वेगळी हरकत आहे. संपत्ती म्हटलं की ती काढायचीच, असं आपोआप ठरून जातं. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा २००८चा अंदाज सांगतो की जगातलं अजून न सापडलेलं सुमारे १३ टक्के तेल आणि ३० टक्के नैसर्गिक वायू आर्क्टिकात असावा. न सापडलेली ती संपत्ती कशी? आणि तेल-कोळसा जाळून बर्फ वितळवायचा, मग बर्फ हटला म्हणून खालचं तेल काढायचं, याला मराठीत शब्द आहे का कुणाकडं?

उदगीरकर
घराला आग लावून शेकत बसणं.

गोदाकाठ
ताई, अंटार्क्टिकात तरी खनिज काढायला बंदी आहे. माद्रिदचा १९९१चा मसुदा, १९९८पासून लागू. ‘२०४८ला बंदी संपणार’ असं सर्रास छापतात, ते चूक. २०४८नंतर फेरविचाराची मागणी करता येते, एवढंच. बरं, ‘मसुदा’ बरोबर आहे का? मूळ शब्द प्रोटोकॉल.

शब्दवेल्हाळ
मसुदा म्हणजे कच्चा खर्डा. लागू झालेल्याला मसुदा कसं म्हणता? ‘पूरक करार’ म्हणा.

बीडचा_वाटसरू
सगळे मालकाच्या बाजूनं बोलायलेत. आमच्या आज्यानं गायरान नांगरलं. दगड वेचले, ज्वारी काढली. कागदावर त्याचं नाव ‘अतिक्रमणधारक’. नोटीस आली की घरात दोन दिवस चूल नीट पेटायची नाही. तुमच्यासाठी गायरान म्हणजे जनावरं चरायची मोकळी जागा. आमच्यासाठी पोट.

आणि आर्क्टिक कधी मोकळं होतं? इनुइट आहेत, सामी आहेत. १९९६ला आर्क्टिक परिषद झाली तेव्हा आठ देश सदस्य झाले. मूळ रहिवाशांच्या संघटना ‘कायम सहभागी’. त्यांना विचारायचं खरं, पण ठराव आठ देशांचाच. कसणारा आणि सातबारा यांचं तिथंही जमत नाही. सर, पुस्तिकेत गायरान लिहा, पण हेही लिहा.

निवृत्त_तलाठी
भाऊ, नोटिसा वाटायचं काम मी केलंय. त्यावर इथं काय बोलू.

शब्दापुरतं सांगतो. आर्क्टिकला गायरान म्हणताच येणार नाही. मध्ये समुद्र, भोवती देश, आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत ज्याचं त्याचं आर्थिक क्षेत्र. पण आर्क्टिकातली स्वालबार्ड बेटं बघा. १९२०च्या तहानं मालकी नॉर्वेची, आणि मासेमारी, शिकार, खाणकाम यांत सह्या करणाऱ्या सगळ्यांना सारखा हक्क. ब्रिटिशांच्या सहीनं भारतही त्यात आला. आपलं हिमाद्री संशोधन केंद्र २००८पासून तिथंच आहे. मालक एक, चराई सगळ्यांची. अगदी कायद्यातलं गायरान!

शब्दवेल्हाळ
हे मात्र मान्य. पण मग सरांच्या ‘ग्लोबल कॉमन्स’ला हा शब्द उरलाच नाही.

निवृत्त_तलाठी
नाहीच. उलट ‘वहिवाट’ वापरा. बर्फ कमी झाल्यावर कॅनडाच्या वरून जहाजांचा रस्ता खुला होतोय, नॉर्थवेस्ट पॅसेज. कॅनडा म्हणतो आमच्या घरातलं पाणी. अमेरिका म्हणते आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी, म्हणजे जायचा-यायचा हक्क सगळ्यांचा. रस्ता अडवल्याच्या असल्या तक्रारी मामलेदार न्यायालय कायदा १९०६खाली ढिगानं बघितल्यात. फक्त तिकडं तहसीलदार नाही.

उदगीरकर
‘वहिवाट’ वहीतून आलं का? वहीत नोंदलेली वाट?

शब्दवेल्हाळ
पुन्हा सुरू झालात! वही नाही. वाहती वाट, ज्यावरून वर्दळ आहे ती.

तुरीचं_वरण
पण वहिवाट शेताचीही असते, घराचीही. तिथं कुठली वाट?

उदगीरकर
तेच म्हणतो मी. बरं, शेतरस्त्याला तुमच्याकडं ‘पांदण’ म्हणतात की ‘पाणंद’?

बीडचा_वाटसरू
पाणंद जीआरमध्ये असते. आम्ही पांदणीतून चिखल तुडवत येतो.

गोदाकाठ
मंडळी, उद्या अकराला मजकूर छपाईला जायचाय. गायरान काढलं, संपदाही काढली. ‘कुणा एकाची नसलेली जागा’ असं लिहून टाकलंय.

निवृत्त_तलाठी
‘कुणा एकाची नसलेली’ म्हणजे सात जणांची असू शकते ना, सर?