मदत हवी आहे: रागाला मायेनं उत्तर द्यायचं, पण कसं?

नमस्कार मंडळी. सहा महिन्यांपूर्वी आठ जणांच्या टीमची जबाबदारी माझ्याकडे आली. त्या जागेची आशा धरून असलेले एक ज्येष्ठ सहकारी तेव्हापासून धुमसत आहेत. परवा मीटिंगमध्ये त्यांनी माझा अहवाल टेबलावर आपटला. "तुला यातलं काय कळतं?" म्हणाले. बोलताना त्यांचा हात थरथरत होता. ते पाहून माझा राग ओसरला, नुसतं वाईट वाटलं. मी गप्प राहिले.

नंतर एक ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, तुम्हीच ऐकून घेतलंत, उद्या ते आमच्यावरही ओरडतील." तिचं खोटं नाही.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करायला १९९५ च्या कायद्याने नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगापुढेही शिक्षेतून माफी मागणाऱ्याला आपण काय केलं ते पूर्ण सांगावं लागे. मलाही तसंच काही हवंय. त्यांचा अपमान करायचा नाही, पण झालं ते चुकलं हे त्यांच्या तोंडून यावं.

सोमवारी त्यांना एकट्यांना भेटतेय. पहिलं वाक्य काय बोलू? त्यांच्या मनातल्या सलीचा, डावललं गेल्याचा विषय मी आधी काढू, की त्यांनी काढेपर्यंत थांबू? आणि बाकीच्यांना काय सांगू? अशातून गेलेल्यांनी कृपया लिहा.