बीडीएसनंतर संशोधन: ९२ टक्के जुळणी पुरते का?

दुधाचे_दात: दवाखाना न टाकता दंत आरोग्याच्या संशोधनात जायचं आहे. एमडीएस कशात करावं? सध्या १२ वर्षांच्या शाळकरी मुलांच्या किडीचा सर्व्हे ठरलाय. दोघा तपासनिसांनी तेच १०० दात पाहिले, ९२ जुळले. नमुना ३८४ मुलांचा. सुरुवात करू ना?

अक्कलदाढ: थांबा. समजा दोघांच्या मते किडके ६, निरोगी ८६ आणि वादाचे ८: ४ फक्त पहिल्याने किडके म्हटलेले, ४ फक्त दुसऱ्याने. मग प्रत्येकाचे किडके १०. डोळे झाकून ठरवलं तरी ०.१×०.१ + ०.९×०.९ = ०.८२ जुळणारच. योगायोगाची जुळणी वगळून मोजतो तो कॅपा = (०.९२−०.८२)/(१−०.८२), म्हणजे जेमतेम ०.५६. ०.८ च्या वर गेल्याशिवाय शाळेत जाऊ नका.

वादाचे दात दोघांनी शेजारी बसून पुन्हा बघा. घोळ बहुतेक दाढेच्या खाचेतल्या काळ्या डागावर आणि पांढऱ्या चट्ट्यावर होतो. पोकळी नाही, तळ मऊ नाही, तर डीएमएफटीत (किडलेले, पडलेले, भरलेले दात मोजायच्या निर्देशांकात) तो दात 'डी', म्हणजे किडका, धरत नाहीत. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे फ्लोरोसिसही (पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दातांवर पडणारे डाग) भेटेल: त्याच्या रेषा आडव्या, कडा पुसट, डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्या. किडीचा चट्टा हिरडीलगत, खडूसारखा. दात गॉजने पुसून मगच बघा. टोकदार एक्स्प्लोरर (दात तपासायची अणकुचीदार सळई) खुपसू नका, सुरुवातीच्या किडीवरचा पातळ थर त्याने फुटतो. सीपीआय प्रोब (सर्व्हेत वापरायची बोथट सळई) घ्या, टोकाला ०.५ मिमीचा मणी असतो. सर्व्हे चालू असतानाही ५ ते १० टक्के मुलं परत तपासा, कारण नजर हळूहळू सैलावते.

आकडेमोडे: ३८४ हा आकडा सुटी माणसं निवडली तर. तुम्ही शाळाच्या शाळा घेणार. एका शाळेतली मुलं एकाच नळाचं पाणी पितात, एकाच टपरीवरच्या गोळ्या खातात, म्हणून त्यांचे दात एकमेकांसारखे. या सारखेपणामुळे नमुना जितक्या पट वाढवावा लागतो तो डिझाइन इफेक्ट २ धरा: ७६८. दहा टक्के गैरहजर धरून ७६८ ÷ ०.९, म्हणजे ८५४. शाळा जास्त, प्रत्येक शाळेतली मुलं कमी, असंच ठेवा.

अक्कलदाढ: आणि मुख्याध्यापकांची सही म्हणजे संमती नव्हे. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, मग पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार. पुढे फ्लोराइड वार्निशची (कीड रोखायला दातांवर लावायच्या लेपाची) ट्रायल केलीत, तर पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

आकडेमोडे: एमडीएस सार्वजनिक दंत आरोग्यात करा, तीन वर्षं. पण संख्याशास्त्र थिसिसच्या शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये डॉ. फली मेहतांच्या गटाने महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासून १९७२ मध्ये मुखकर्करोगाचा अभ्यास छापला. त्यात दंतवैद्यांच्या बरोबरीने संख्याशास्त्राचे प्रकाश गुप्ता लेखक आहेत. आत्ता 'आर' (संख्याशास्त्राची संगणक भाषा) शिका आणि पहिला कॅपा त्यात स्वतः काढा. तुमच्या १०० दातांचे आकडे हाताशी आहेतच.