आजारी चौंडकेवाल्या मामांना पुन्हा गायला बसवावं का?

खानापूरकर:
आमच्या मामांना लकवा मारून आठ महिने झाले. गळा शाबूत आहे, डावा हात गेला. चौंडकं म्हणजे यल्लम्मा देवीच्या गाण्यांना साथ करणारं एका तारेचं वाद्य; त्याचं सगळं त्या डाव्या हातावर असतं. उजव्या हातातल्या काडीनं तार छेडायची, पण सूर चढतो-उतरतो तो डाव्या हाताच्या ताणावर. परवा भेटायला गेलो तर खुंटीकडं बोट दाखवलं. भंडारा लागलेलं चौंडकं उतरून मांडीवर दिलं. तार ढिली, आवाज नुसता ढब्ब. मग मीच तार ओढून धरली. मामा मान हलवत राहिले, आणखी, आणखी... आणि जमल्यावर डोळे मिटून यल्लम्माचं गाणं उचललं. एक कडवं मराठीत, पुढचं कन्नडात, आधी गायचे तसंच. यंदा माघी पुनवेला गावच्या देवळासमोर त्यांना बसवूया, तार मी धरतो.

निपाणीकर:
नको. माझे वडील डफ वाजवायचे. शेवटच्या वर्षी असंच प्रेमानं बोलावलं, चार तास थंडीत बसवलं, शाल-नारळ दिला. घरी कसं पोचायचं हे कुणी विचारलं नाही. शाल विकून गोळ्या येत नाहीत, दादा. तुम्हाला ऐकायचंय, त्याला मामांची इच्छा म्हणू नका.

बेळगावकर ताई:
देवीला सोडलेल्या जोगतिणींच्या पिढ्या भरडल्या त्या परंपरेचं वाद्य आहे हे. कर्नाटकातल्या १९८२ च्या कायद्यानं देवीला मुली सोडायला बंदी आली, तरी मला तो आवाज ऐकवत नाही.

खानापूरकर:
ताई, तुमचं दुःख खरं आहे, त्यावर वाद घालत नाही. ती प्रथा मलाही नको. मी मामांच्या हाताबद्दल बोलतोय.

चंदगडकर:
देवळाचं नंतर बघा, आधी कागदं करा. आमच्याकडं महाराष्ट्रात ज्येष्ठ कलावंतांना महिना ५,००० मानधन आहे, पण रहिवासी इथला लागतो. तुमच्याकडं कर्नाटकात कन्नड आणि संस्कृती खात्याचं मासाशन, म्हणजे कलावंतांची महिन्याची पेन्शन, असतंय. अर्ज केलाय का? कन्नडात भरून द्यायला माणूस बघून देतो.

खानापूरकर:
अर्ज केला नव्हता, कबूल. उद्या जातो. निपाणीकर, देवळासमोरचं रद्द. मामांच्याच सोप्यात, दुपारी उन्हाला, अर्धा तास; मामी म्हणतील तेव्हा थांबायचं. मोबाईल बाहेर. येणाऱ्यानं औषधाला काय द्यायचं ते मामींच्या हातात द्यावं.

निपाणीकर:
मग मी येतो. तार धरायला दुसरा गडी लागला तर सांगा.