'रदबदली' आणि 'मध्यस्थी' : दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना नेमका शब्द कोणता?

प्रार्थना कशी करायची हे बायबलमधल्या माणसांकडूनच शिकावं म्हणून सध्या एकेकाची प्रार्थना सावकाश वाचतोय. उत्पत्ती १८ मध्ये मथळ्यालाच अडकलो. माझ्या प्रतीत लिहिलंय, देव सदोम शहराचा नाश करणार असतो तेव्हा अब्राहाम त्याच्यासाठी 'रदबदली' करतो. हा शब्द मला फक्त बातम्यांमधला माहीत, म्हणजे कुणाला तरी सोडवायला पुढाऱ्याने फोन केला वगैरे. बाकी ठिकाणी 'मध्यस्थी' दिसतं. दोन्ही एकच का?

---

फारसी वळणाचा शब्द आहे, रद्द-ओ-बदल. हिंदीत रद्दोबदल म्हणजे फेरफार, मराठीत मात्र दुसऱ्याच्या बाजूने बोलणं, त्याच्यासाठी शब्द टाकणं. बातम्यांमुळे त्याला जरा वशिल्याचा वास लागलाय एवढंच, शब्दाचा काही दोष नाही.

---

वशिला आणि रदबदली यात फरक करायलाच हवा. वशिला असला की मुद्दा मांडावा लागत नाही, ओळखीवर काम होतं. रदबदलीत मुद्दा लागतो. अब्राहाम काय करतो बघा ना, आधी थेट न्यायाचाच प्रश्न काढतो, दुष्टांबरोबर नीतिमानांचाही नाश करणार का, सगळ्या जगाचा न्यायाधीश असं कसं करेल, आणि मग इतके नीतिमान सापडले तर शहर वाचवशील का असं ५० वरून सुरू करून ४५, ४०, ३०, २०, १० असा खाली येत राहतो, मधेच म्हणतो मी तर नुसती धूळ आणि राख, राग मानू नका, आणि हे म्हणता म्हणता पुढचा आकडा टाकतोच :) नम्रता पण आहे आणि चिवटपणा पण, आणि देव प्रत्येक वेळी हो म्हणतो. हे एवढं धीट बोलणं आपण प्रार्थनेत करतच नाही, आपण 'तुझी इच्छा असेल तर' म्हणून दोन वाक्यांत आटोपतो.

मोशेचं तर त्याहून भारी (निर्गम ३२). इस्राएली लोक सोन्याचं वासरू करून त्याची पूजा करतात, तेव्हा देव त्यांचा पुढारी मोशे याला म्हणतो, यांना संपवतो आणि तुझंच मोठं राष्ट्र करतो. म्हणजे गप्प बसला असता तर फायदा त्याचाच होता. तरी हा वाद घालतो, मिसरी (इजिप्तचे) लोक काय म्हणतील, आणि अब्राहाम, इसहाक यांना दिलेल्या वचनाचं काय. पुढे तर म्हणतो यांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव खोड. माझ्या मते रदबदलीचा खरा अर्थ इथे कळतो, कोशात नाही.

---

पण अब्राहामाचा स्वार्थ होताच की, पुतण्या लोट तिथेच राहत होता.

---

होता, पण त्याचं नाव तो एकदाही घेत नाही. अख्ख्या शहरासाठी बोलतो. लोट वाचतो ते पुढच्या अध्यायात, आणि तिथे कारण दिलंय की देवाने अब्राहामाची आठवण केली.

---

'मध्यस्थी'बद्दल कुणी बोललंच नाही. १ तीमथ्य २:५ मध्ये देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू असं आहे. आणि त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात सगळ्या माणसांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. म्हणून बरेच जण स्वतःच्या प्रार्थनेला मध्यस्थी म्हणायला कचरतात, मध्यस्थ म्हणजे दोन्ही बाजूंचा, दोघांना जोडणारा. मी शेजाऱ्यासाठी प्रार्थना करतो तेव्हा मी त्याच्याच बाजूला उभा असतो, तोही मागणारा आणि मीही. तिथे रदबदली बरोबर बसतं. अर्थात बोलताना सर्रास 'मध्यस्थीची प्रार्थना' म्हणतात, ते चूक आहे असं काही मी म्हणणार नाही. रोमकरांस ८:२६ मध्ये तर आत्मा स्वतः आपल्यासाठी शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने विनवतो, म्हणजे कधीकधी शब्द कुठला हा प्रश्नच उरत नाही.

---

हन्ना राहिली. १ शमुवेल १. ती स्वतःसाठीच मागते, मुलगा दे. ओठ हलतायत, आवाज नाही, एली याजकाला वाटतं बाई प्यायलीय. याला रदबदली नाही म्हणता येणार, ही सरळ विनवणी.

---

बरोबर. पण मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना कशात टाकायची? शिष्यांनी शिकवा म्हटल्यावर येशूने हीच दिली (लूक ११), आणि तिच्यात 'मला' कुठेच नाही, सगळीकडे 'आम्हांला'. भाकरही आमची, ऋणंही आमची. म्हणजे एकट्याने म्हटली तरी दुसऱ्यांसाठी मागणं त्यात आपोआप येतं. मला वाटतं विनंती आणि रदबदली अशी वेगळी खाती तिथे चालतच नाहीत.

---

आभार सगळ्यांचे, भरपूर मिळालं. एक शेवटचं, दुसऱ्यासाठी मागायचं ते काय मागायचं? मी आपला 'त्याचं सगळं नीट होऊ दे' यावरच थांबतो.

---

प्रेषित पौलाचं बघा, इफिसकरांस लिहिलेल्या त्याच्या पत्रात ६ व्या अध्यायाचा शेवट. बेड्यांत आहे आणि माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणतो, पण सुटका मागत नाही, तोंड उघडेन तेव्हा धैर्याने बोलता यावं एवढंच मागतो. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्यालाच आधी विचारा काय मागू म्हणून, उत्तर बऱ्याचदा आपल्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं.