संस्था वस्तीसाठी, मग खुर्ची वस्तीतल्या बाईला का नाही?

सत्तरीकर
मुंबईत गोवंडीला एका संस्थेत मी काही वर्षं नोकरी केली, आता गावी आहे. एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही म्हणून इथे मांडतो. गरीब वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी कधी ना कधी त्या वस्तीतलं माणूस यायलाच पाहिजे. संस्थापकांच्या कष्टाबद्दल मला शंका नाही, पण वीस वीस वर्षं तेच डायरेक्टर, ट्रस्टी त्यांच्या ओळखीतले, आणि वस्तीतल्या बायका पहिल्या दिवशी फील्ड वर्कर ते शेवटपर्यंत फील्ड वर्करच. आमच्याकडे एक ताई होती, देवनार डम्पिंगच्या बाजूच्या गल्लीत राहायची. रेशनकार्ड, आधार, शाळेचे दाखले, सगळ्यांच्या झेरॉक्स तिच्या निळ्या पिशवीत, कुणाच्या कार्डावर सुनेचं नाव चढलं नाही आणि कुठल्या म्हातारीचा अंगठा मशीनवर उठत नाही हे तिला तोंडपाठ. देणगीदार आले की वस्ती तीच फिरवायची, मग ऑफिसात प्रेझेंटेशन सुरू झालं की ती बाहेर चहाचं बघायची, कारण आतलं सगळं इंग्रजीत. हे मला अजिबात पटत नाही.

फोंड्याची मास्तरीण
चहाचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही म्हणता तेवढं सोपं नाही हो ते. 12ए, 80जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, ऑडिट, परदेशी पैसा असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यावा लागतो आणि त्यातल्या ऑफिसखर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. एखादं रिटर्न राहिलं तर बालवाडीच्या बाईंचा पगार अडकतो, त्याला जबाबदार कोण? आणि बाहेरचा माणूस म्हणजे परका असं का धरायचं? आपल्या गोव्याच्या प्रेमाताई पुरव घ्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात होत्या, पुढे मुंबईत 1975 साली गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या स्वतः खानावळवाल्या नव्हत्या, म्हणून त्यांचं काम कमी ठरतं का?

सत्तरीकर
प्रेमाताईंचं नाव काढलंत ते बरं केलंत, मला तर ते माझ्याच बाजूचं उदाहरण वाटतं. गिरणीकामगार जेवणार महिनाभर आणि पैसे देणार पगार झाल्यावर, तोवर बाईने तांदूळ-तेल आणायचं कुठून, तर सावकाराकडून. त्यातून सुटायला बायकांनी गट करून बँकेची कर्जं घेतली आणि फेडली. म्हणजे बँकेपुढे त्या बायका स्वतः उभ्या राहिल्या. जोकिन अर्पुथम बघा, स्वतः मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहिलेला माणूस, ती वस्ती 1976 मध्ये हलवली तेव्हा लढला, झोपडपट्टीवासीयांचा देशभरचा महासंघ उभा केला आणि 2000 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुणाची पदवी आडवी आली नाही.

वास्कोवाली
जोकिन यांच्याबरोबर शीला पटेल आणि 1984 साली निघालेली त्यांची स्पार्क ही संस्था होती हे पण सांगा ना. महासंघ आणि महिला मिलन या वस्तीतल्या बचतगटांच्या बायका वस्ती सांभाळणार, स्पार्क देणगी आणि कागद बघणार. एकाच माणसाने सगळं करावं असं तिथेही नव्हतं.

आणि मला दुसरीच भीती वाटते. मी इथे झुआरीनगरात स्थलांतरित कामगारांच्या मुलांचे वर्ग घेते. एका लायनीत कन्नड, पुढच्या लायनीत तेलुगू, मागे हिंदी. यात 'वस्तीतला माणूस' नक्की कोण? बहुतेक वेळा पुढे येतो तो खोल्या भाड्याने देणारा नाहीतर ठेकेदाराचा माणूस, कारण त्यालाच बोलायची सवय आणि वेळ. उद्या खोलीमालकीणच संस्थेची अध्यक्ष झाली तर तिची भाडेकरीण नळाची तक्रार घेऊन येईल का? बाहेरच्या माणसाला निदान तिथे भाडं वसूल करायचं नसतं. बाहेरून येते म्हणून काही जणी माझ्याकडे मोकळेपणी बोलतात, नवऱ्याच्या मारहाणीचं तर शेजारणीला कधीच सांगणार नाहीत.

डिचोलीचा हिशेबनीस
मी एक-दोन संस्थांची खाती बघतो. कायद्याचा मुद्दा बरोबर आहे, पण त्या कायद्याने नुकसान कुणाचं झालं तेही बघा. पूर्वी मोठी संस्था परदेशी देणगीतला थोडा भाग एखाद्या छोट्या वस्तीतल्या गटाला देऊ शकायची, 2020 नंतर ते बंद. सीएसआरचे, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर खर्चायचे 2 टक्के 2013 च्या कंपनी कायद्याने आले खरे, पण 2021 पासून संस्थेने सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी केल्याशिवाय कंपनी तिच्यामार्फत काम करू शकत नाही. म्हणजे ज्याच्याकडे सीए आणि इंग्रजी, पैसा तिकडेच. मग आपण म्हणतो वस्तीतल्यांना संस्था चालवता येत नाही! रिटर्न भरायला माणूस पगारावर ठेवता येतो हो, मीच भरतो. वस्तीचा विश्वास तसा ठेवता येत नाही. माझं मत सत्तरीकरांकडे.

फोंड्याची मास्तरीण
हिशेबनीसबाब, रिटर्न तुम्ही भराल, पण नोटीस आली तर उत्तर ट्रस्टींनाच द्यावं लागणार, तुम्हाला नाही. वास्कोवाली बायने खोलीमालकिणीचं लिहिलं ते मला फार पटलं. माझं म्हणणं एवढंच, की आधी दोन बायका ट्रस्टवर घ्या, मीटिंग मराठी-हिंदीत करा, चार-पाच वर्षं हिशेब वाचायला शिकू दे, मग पुढचं.

सत्तरीकर
मीटिंगच्या भाषेचं मान्य. पण 'आधी शिकू दे' हेच तर त्या ताईला मी होतो तोवर दरवर्षी ऐकवत होते, आणि शिकवायला मात्र कुणी बसलं नाही. आणि खोलीमालकिणीची भीती असेल तर ट्रस्ट डीडमध्येच, म्हणजे संस्थेच्या मूळ दस्तातच लिहा, भाड्याच्या खोल्या असणाऱ्याला पद नाही, आणि भाडेकरणींच्या गटातून निवडून येईल तीच येईल. चेकवर दोन सह्या लागतातच, त्यातली एक तिची पाहिजे आणि ती पहिल्या वर्षापासून.

फोंड्याची मास्तरीण
निवडून येईल तीच, हे चांगलं आहे. पहिल्या वर्षापासून सही, याला मात्र माझा विरोध राहील. ज्या कागदाची जोखीम तिला अजून कुणी समजावून दिली नाही, त्यावर तिची सही घेणं मला तिच्यावरच अन्याय वाटतो.