चटणीच्या पाकिटावर स्पायडरमॅन छापलाय, आता काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,
सोलापुरात बाळीवेशीत आमचा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा घरगुती धंदा आहे. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर स्टॉल टाकायचा म्हणून भाच्याला फ्लेक्स करायला सांगितला. पठ्ठ्यानं स्पायडरमॅन उलटा लटकवला. एका हातात जाळं, दुसऱ्या हातात आमचं पाव किलोचं पाकीट, मागं कडक भाकरी आणि तिच्या तड्यांतूनच जाळं निघालेलं. दिसतंय झकास, खोटं कशाला बोलू! सासूबाईंनी तेवढं विचारलं, ह्याच्या मुखवट्याला तोंडच नाही, चटणी खाणार कुठनं?

फ्लेक्स काय, उतरवून ठेवीन. घोळ पाकिटांचा आहे. तेच चित्र छापलेली २००० पाकिटं घरात येऊन पडलीत. परवा एका गिऱ्हाइकानं हटकलं, "ताई, हे कंपनीचं कॅरेक्टर आहे, नोटीस येईल." छापणारा म्हणतो, "काय होतंय की! सलूनवर आयर्नमॅन हाय, जिमवर हल्क हाय, कोण बघतंय?" भाच्याचं म्हणणं, गूगलवरचं चित्र फुकटच असतंय, वाटल्यास सूट हिरवा करतो आत्या.

रंग बदलून भागतं का? त्यानं स्वतः हातानं काढलं तर? आणि या पाकिटांचं काय करू?

एक कबूल करते. गेल्या वर्षी एकानं आमच्यासारखंच पिवळं लेबल लावलं, तेव्हा मी त्याच्या दुकानात जाऊन भांडून आले होते. त्यामुळे 'सगळेच करतात' म्हणायला माझी जीभ रेटेना.

काळा_कोट:
ताई, गूगल चित्र दाखवतं, ते गूगलच्या मालकीचं नसतं. स्पायडरमॅन १९६२ चा. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी घडवलेला. तो मार्व्हलचा, आणि मार्व्हल २००९ पासून डिस्नेकडे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा परदेशी चित्रांनाही लागतो. सूट हिरवा केला तरी जाळीचा मुखवटा आणि पांढरे डोळे बघून शेंबडं पोरही नाव सांगेल. हातानं काढलं तरी नक्कलच. अमुक टक्के बदल केला की चित्र आपलं, असं कलम नाही. 'नागराज' ह्या कॉमिक्सच्या हिरोवाल्या राजा पॉकेट बुक्सनं, त्याच्यासारखाच 'नागेश' काढणाऱ्या प्रकाशकाला दिल्ली हायकोर्टात खेचून मनाई हुकूम मिळवला होता, नाव वेगळं असूनही.
कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी वापरलं तर पळवाट फारशी राहत नाही, आणि छापणाराही सुटेलच असं नाही, हे त्यालाही ऐकवा. पाकिटं वाया घालवायची नसतील तर अख्खं चित्र झाकेल एवढं स्टिकर लावा. फूड लायसन्सचा नंबर आणि तारीख तेवढी झाकू नका.

सातरस्ता_सोलापूर:
चटणी उखळात कुटणाऱ्या आजीचाच फोटो टाका की! स्पायडरमॅनला बघून चटणी कोण घेतंय?

धागाकर्ती:
आभार. सासूबाई इरकल नेसून उखळापाशी बसायला एका पायावर तयार आहेत, फोटो रविवारी. स्टिकरचा हिशोब छापणाऱ्याच्या गळ्यात घातलाय, अर्धा तरी. फक्त भाचा विचारतोय, आजीच्या पाठीवर लाल केप लावली तर चालेल का? नुसती केप, छातीवर 'एस' नाही.